नवसागर, चुना आणि तायडे बाई

तायडे बाई चहा पाजतानासुद्धा परीक्षा घेत. कप हातात दिला की लगेच विचारणार, "सांग, काय वास येते?" आता चहाला चहाचा वास येणार, आणखी कशाचा येणार? पण असं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "चहा हाय थे मले बी माईत हाय, म्याच केला. तुह्या नाकाले काय लागलं थे सांग." मग आपण बावळटासारखा कप नाकाशी धरायचा आणि सांगायचं, आलं टाकलंय बाई, आणि दूध बुडाला लागलंय जरासं. बाई मान हलवत. "हं. लागलं असन."

मी अकोल्याला पोस्टात नोकरी करते. माझा भाऊ अमरावतीला असतो, त्याचं औषधांचं दुकान आहे, आणि त्याच्या कुंपणाला लागून तायडे बाईंचं घर. बाई मूळच्या वलगावच्या. अमरावतीच्या एका मुलींच्या कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवता शिकवता त्यांची सगळी नोकरी झाली. आता निवृत्त. मिस्टर गेले, मुलगी नाशिकला. हॉलमध्ये बुद्धाची छानशी मूर्ती आणि तिच्या शेजारी कॉलेजातून आणलेला मूलद्रव्यांचा भला मोठा जुना तक्ता, कडा फाटलेला, चिकटपट्ट्या लावलेला. वर्गात म्हणे त्या अगदी छापील मराठी आणि इंग्रजी बोलत. घरी आल्या की वऱ्हाडी. "चपला काढल्या की भाषा बी काढून ठेवतो मी," असं त्याच सांगत.

त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर नाव. मीठ, साखर, खायचा सोडा हे समजू शकते, पण दुधाच्या भांड्यावरसुद्धा चिठ्ठी, कधी तापवलं त्याची. आणि तरीही सकाळी कुंपणावरून माझ्या वहिनीला हाक मारत, "वो, इकडे ये, या दुधाचा उलिसा वास घेऊन पाय बरं. नासलं का?" उलिसा म्हणजे एवढासा. वहिनी पोळ्या टाकून जायची, दूध हुंगायची आणि परत येऊन मला फोनवर म्हणायची, "ताई, हुशार माणसं थोडी सर्किट असतात हो."

त्यांच्या कॉलेजातल्या गोष्टी वहिनीनं गल्लीतून गोळा केलेल्या. त्यातली एक फारच प्रसिद्ध होती. बारावीच्या प्रॅक्टिकलला मुलींना एक अनोळखी क्षार देतात, तो कोणता ते परीक्षानळीत निरनिराळी रसायनं टाकून ओळखायचं. कागदावर तीन रकाने आखायचे, कृती, निरीक्षण, अनुमान. साध्या भाषेत, काय केलं, काय दिसलं, आणि त्यावरून काय वाटतं. पोरी काय करत, शिपायाला गोड बोलून विचारून घेत की अमुक बाटलीत काय आहे. मग शेवटचा रकाना आधी भरायचा आणि बाकीचं गाइडातून उतरवायचं. बाईंना हे कळलं त्या दिवसापासून त्या रोज सकाळी स्वतः लवकर येऊन बाटल्यांच्या जागा बदलून ठेवू लागल्या. शिपाई वैतागला, पोरी वैतागल्या, प्राचार्यांकडे तक्रार गेली. बाई तिथेही एवढंच म्हणाल्या म्हणे, "सर, उद्या दवाखान्यात बाटलीवरचं नाव पुसलं गेलं तर ह्या कोणाला विचारणार आहेत?"

आणि दुसरी गोष्ट तर माझ्या डोळ्यांदेखतची. भावाच्या समोरच्या घरी नवी सून आलेली होती. सासूबाईंची पांढरी साडी तिनं धुतली आणि पदरावर रक्तासारखे लालभडक डाग. झालं! पहिल्याच महिन्यात अपशकून, पोरीनं कुंकू सांडवलं, पोरीला वळण नाही, सगळी गल्ली गोळा. पोरगी बिचारी दारामागे रडतेय. बाई आल्या, गर्दीतून आत गेल्या आणि सासूबाईंना विचारलं, "धुवायच्या आधी डाग कोणता होता?" कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी पोरीला विचारलं. ती म्हणाली, हळदीचा होता, पिवळा, मीच साबण लावला. बाईंनी आमच्या वहिनीकडून हळद मागवली, एका फडक्याला फासली आणि ओला साबण घासला. फडकं लाल. मग वर लिंबू पिळलं. परत पिवळं. "सुनेनं काही नाही केलं वो, हळद अशीच असते," असं म्हणून त्या घरी निघून गेल्या. सासूबाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ती सून आजही बाईंना वाकून नमस्कार करते.

तर अशा ह्या तायडे बाई. माझा आणि त्यांचा संबंध एरवी चहापुरताच राहिला असता. मी कॉमर्सची, केमिस्ट्रीतला मला फक्त खायचा सोडा माहीत. पण माझी मुक्ता अकरावी संपता संपता पार कोलमडली आणि मला बाई आठवल्या.

मुक्ताला लहानपणापासून औषधांचं वेड. सुट्टीत मामाच्या दुकानात बसायची, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची. फार्मसी करायची हे तिनं आठवीतच जाहीर करून टाकलेलं. दहावीला मार्क झकास पडले. मग आम्ही तिला अकोल्यातल्या एका मोठ्या क्लासला घातलं. त्या क्लासची तऱ्हा अशी, की अकरावीचं पुस्तक नुसतं चाळायचं आणि पहिल्या महिन्यापासून बारावी. सर घोड्यावर आणि पोरं मागे पळताहेत. सुरुवातीला मुक्ता धावली. मग पाठांतरावर आली. मार्चच्या परीक्षेत केमिस्ट्रीचा पेपर जवळजवळ कोरा देऊन आली आणि मला म्हणाली, "मम्मी, मला आर्टला टाक." एवढंच बोलली आणि जेवायला उठलीच नाही. मला कळेना रागावू की रडू. आर्टला जाणं वाईट नाही, पण तिला आर्टला जायचं नव्हतं, ती हरली होती. आणि बारावीला केमिस्ट्री नसेल तर फार्मसीचं दार कायमचं बंद. मी दुसऱ्याच दिवशी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "मे महिन्यात पाठव. पुस्तकं नको आणू म्हणावं."

अमरावतीच्या उन्हात पोरीला मामाकडे सोडून आले. पहिल्या दिवशी मी सोबत होते म्हणून जे पाहिलं ते सांगते. बाईंनी कूलर लावला, मुक्तासमोर पाण्याचा पेला ठेवला. "हे काय हाय?"

"एच टू ओ."

"दोनच हायड्रोजन काहून? तीन काहून नाही?"

मुक्तानं पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असंच असतं मॅडम. पाठ आहे." आणि अचानक तिनं बारावीतलं काहीतरी भराभरा म्हणून दाखवलं, मोठमोठे शब्द, मला तर अभिमानच वाटला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, कपाटातून आठवीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. आठवीचं! मराठी माध्यमाचं! मी तिथेच बोलले असते, पण बस गाठायची होती.

बोलले ते आठ दिवसांनी, फोनवर. "बाई, तिकडे क्लासमध्ये बारावीचे धडे होऊन राहिले, आणि तुम्ही पोरीला अणू-रेणू शिकवता?" मी फटकळ आहे, हे आमच्या पोस्टात सगळ्यांना माहीत आहे. बाईंवर काही परिणाम नाही. "संगीता, लोकायनं तुह्या पोरीले तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. जिना बांधलाच नाही. मी जिना बांधून राह्यली. तुले घाई असन तं पोरीले घेऊन जाय." मी फोन ठेवला आणि आमच्या ह्यांच्यावर चिडले.

पण मुक्ताचे फोन बदलत गेले. आधी ती म्हणायची, "बोअर होतं मम्मी." मग एक दिवस उत्साहानं सांगायला लागली, "मम्मी, मोल म्हणजे काही नाही गं, मोठ्ठं डझन आहे!" हा मोल म्हणजे काय हे तिला वर्षभर कळलं नव्हतं, आणि पुढची सगळी गणितं त्याच्यावरच म्हणे. बाईंनी तिला फळवाल्याच्या गाडीवर नेलं होतं. "केळाचं डझन म्हणजे किती?" बारा. "कलिंगडाचं?" बारा. "वजन सारखं भरन का?" नाही. "झालं. अणू लय बारीक, म्हून डझन लय मोठं लागते. नग सारखे, वजन ज्याचं त्याचं." फळवाला म्हणाला, "मॅडम, कलिंगडं डझनानं कोण घेते जी?" आणि मुक्ता तिथे रस्त्यावर हसत सुटली. हे सांगतानाही ती हसतच होती, मला फोनवर ऐकू आलं. मार्चपासून ती हसली नव्हती.

नवसागर-चुन्याचा प्रयोग मी स्वतः पाहिला, तिला आणायला गेले तेव्हा. नवसागर म्हणजे कल्हईवाले वापरतात तो पांढरा क्षार. बाईंनी तो किराणावाल्याकडून आणला होता, आणि चुना पानवाल्याकडून. तळहातावर चिमूटभर हे, चिमूटभर ते, अंगठ्यानं मळलं आणि हात मुक्ताच्या नाकाखाली धरला. स्वतः मात्र तोंड फिरवून. मुक्ता ठसकली, डोळ्यांत पाणी.

"काय झालं?"

"अमोनिया मॅडम!"

"अमोनिया हे अनुमान झालं. निरीक्षण सांग. तुले काय झालं?"

"नाकाला झोंबलं. उग्र वास आला. डोळ्यांत पाणी आलं."

"आता कसं! आधी दिसलं थे, मंग वाटलं थे. हे उलटं केलं की माणूस फसते." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हात माझ्या नाकाखाली. मी म्हटलं बाई मी कॉमर्सची. "नाक तं हाय नं?" म्हणे. मी शिंकत शिंकत अकोल्याची बस पकडली. माझ्या आईच्या वेळी कोणाला भोवळ आली की हेच हुंगवत. घरातलीच गोष्ट, पण तिचं समीकरण मुक्तानं बसमध्ये मूर्तिजापूर यायच्या आत सोडवलं, दोन्ही बाजू जुळवून मला दाखवलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पोरीचा चेहरा तेवढा कळला.

बारावीचं वर्ष बरं गेलं. रविवारी बाईंशी फोनवर बोलायची, क्लासमध्ये मागे राहायची नाही. आता भीती फक्त परीक्षेची होती, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी ती भीती दारात उभी राहिली.

मुक्ता घरी आली, बूट न काढता सोफ्यावर बसली. "मम्मी, मी एकटीनंच वेगळं लिहिलं." काय झालं ते तुकड्या-तुकड्यानं बाहेर आलं. आमच्याकडची रीत अशी, की सकाळची बॅच बाहेर आली की दुपारच्या बॅचनं दारातच विचारून घ्यायचं, निळं काय होतं, पांढरं काय होतं. ह्याला कोणी कॉपी म्हणत नाही, सगळेच करतात. सकाळची पोरं म्हणाली, पांढरं ते झिंक सल्फेट. मुक्ताच्या बॅचला पांढरंच आलं. सगळ्यांनी शेवटच्या रकान्यात झिंक सल्फेट लिहिलं आणि मग वरचे रकाने पाठांतरानं भरून टाकले. नळ्या नुसत्या हलवायच्या, सर बघताहेत म्हणून. मुक्तानं मात्र क्षार नळीत टाकला, कॉस्टिक सोडा घालून गरम केला, आणि नाकाला झोंबलं.

"तोच वास, मम्मी. बाईंच्या हातावरचा. मी लाल लिटमस ओलं करून धरलं तर निळं झालं. पुन्हा केलं, पुन्हा निळं. शेजारची स्नेहल म्हणत होती, येडी झाली का, झिंक लिही, सगळ्यांचं तेच आहे. क्लोराइडची चाचणीही जुळली, म्हणून मी अमोनियम क्लोराइड लिहिलं." आणि मग एकदम रडायला लागली. "पण सगळ्यांचं कसं चुकेल? माझंच चुकलं असेल. मार्क गेले."

मी फटकळ, म्हटलंच आहे. "अगं मग लिहायचं ना सगळ्यांसारखं!" माझ्या डोळ्यांपुढे तो कोरा पेपर आला, जेवायला न उठलेली पोर आली. एवढं वर्षभर मेहनत करून पुन्हा तेच? मी बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

बाईंनी विचारलं, "तुले काय दिसलं?"

मुक्तानं सगळं सांगितलं, वास, लिटमस, दोनदा केलं ते.

"दोन्ही डाव सारखं आलं?"

"हो मॅडम."

"मंग झालं. मार्काचं मले नाही सांगता येत, थे परीक्षकाच्या हाती हाय. पण तू जे पायलं थेच लिवलं नं? जेव आता पोटभर. संगीता, पोट्टीले जेवू घाल, बोलू नको जास्त."

संध्याकाळी कॉलेजातून फोन आला. उद्या सकाळी दुपारच्या बॅचनं पुन्हा प्रयोगशाळेत यायचं आहे, सगळ्यांनी. मी म्हटलं, हो, मुक्ताला पाठवते. तिकडून सर म्हणाले, "नाही, मुक्ता नको. ती सोडून सगळे."

"ती सोडून म्हणजे? सर, तिनं काय केलंय? एवढी शिकलेली पोर, तिला एक संधी नाही द्यायची? मी येऊ का भेटायला? मी आत्ता येते!" मी इतकी बोलले, इतकी बोलले, की सरांना मधे शिरायला जागाच मिळेना. शेवटी ते ओरडलेच, "अहो मॅडम, तिचं बरोबर आहे! बाकी सगळ्यांचं चुकलंय!"

झालं होतं असं, की सकाळच्या बॅचनं पांढरी बाटली संपवली. मदतनिसानं दुसरी पांढरी काढून ठेवली. कोणी त्याला विचारलं नाही, त्यानं कोणाला सांगितलं नाही. नवसागरच होता तो, अमोनियम क्लोराइड. अख्ख्या बॅचनं एकजात झिंक सल्फेट लिहिलेलं पाहून बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डोक्याला हात लावला म्हणे. भले माणूस, पोरांना दुसरी संधी दिली. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडले. इतकं हलकं मला माझ्या लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. मुक्ता मला पाणी देत होती आणि हसत होती.

निकाल लागला, फार्मसीला अमरावतीतच प्रवेश मिळण्यासारखे मार्क पडले. मी आणि मुक्ता पेढे घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी पेढा हातात घेतला आणि नेहमीसारखं, "सांग, काय वास येते याले?"

मुक्ता उत्तर देणार तेवढ्यात तिनं नाक वर केलं. मलाही आला, करपल्याचा. बाई शांत बसलेल्या, पेढा हातात. मुक्ता धावत आत गेली, गॅस बंद केला. वरण पार बुडाला लागून काळं झालं होतं. ती बाहेर आली आणि बाईंसमोर उभी राहिली.

"मॅडम, तुम्हाला वास येत नाही."

बाईंनी पेढा खाली ठेवला. मला एकदम दुधावरच्या चिठ्ठ्या आठवल्या, कुंपणावरून वहिनीला मारलेल्या हाका, आणि तो प्रत्येक कप चहा.

"कोरोनात गेला," बाई म्हणाल्या. "लोकायचा आला परत, माहा नाही आला."

"सांगितलं का नाही बाई?" मी म्हटलं.

"काय सांगू वो? केमिस्ट्रीची बाई न् नाक बंद. लोक हासले असते. डॉक्टर म्हणते रोज काही ना काही हुंगत जा. चार महिने हुंगलं, मंग सोडून देल्लं."

मुक्ता स्वयंपाकघरात गेली. डबे उघडल्याचे आवाज आले. परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं, पदराखाली लपवावं तसं ओढणीखाली झाकलेलं. "डोळे मिटा मॅडम. मी नाव सांगणार नाही."

बाईंनी निमूट डोळे मिटले. मुक्तानं आधी तळहातावर नवसागर आणि चुना मळून धरला. बाईंचं डोकं मागे गेलं. "झोंबलं! पण झोंबणं म्हणजे वास नोहे. वास म्हून लिवू नको." मग कॉफी. "नाही." मग साबण. "नाही." मला इतकं वाटत होतं, म्हणा ना हो बाई एकदा आला म्हणून, पोरीचं मन राखायला तरी म्हणा. पण त्या कसल्या म्हणतात!

मग मुक्तानं एक छोटी डबी धरली. बाईंच्या भुवया जवळ आल्या. पुन्हा श्वास घेतला.

"हे... कैरीचं लोणचं हाय का?"

"हिंग आहे मॅडम."

"चुकलं," बाई म्हणाल्या. डोळे उघडले, मुक्ताच्या हातातून डबी घेतली आणि पुन्हा हुंगली. पुन्हा. आवाज अगदी बारीक झाला त्यांचा. "पण काही तरी आलं नं वो, संगीता? लोणच्यात हिंग असतेच नं?" मी नुसती मान हलवली.

मुक्ता त्यांच्या पायाशी बसली. "निरीक्षण काय लिहू मॅडम?"

"लिव, उलिसा वास आला."

"आणि अनुमान?"

"अनुमान राहू दे. उद्या पुन्हा पाहू. तू येशीन नं?"

"येईन मॅडम. आता इथंच आहे मी."

आम्ही ऑटोत बसलो तेव्हा बाई फाटकाशी उभ्या होत्या. निरोपाचा हात करायचं राहूनच गेलं त्यांचं. एका हातात हिंगाची डबी होती, ती नाकाशी धरून, डोळे मिटून त्या तशाच उभ्या होत्या.